सहावा मणी

गडचिरोली किंवा नंदुरबारकडच्या एखाद्या आरोग्य केंद्रात सिकलसेलची पहिली तपासणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब एका छोट्या काचनळीतल्या द्रावणात टाकतात. त्या द्रावणात तांबड्या पेशी फोडणारे एक द्रव्य असते, ऑक्सिजन काढून घेणारे दुसरे असते आणि भरपूर फॉस्फेट क्षार असतो. पाचेक मिनिटे थांबायचे आणि नळीच्या मागे रेघांचा किंवा छापील मजकुराचा कागद धरायचा. दुसरे काही हाताशी नसेल तर वर्तमानपत्राचा तुकडाही चालतो. नळीतून पलीकडची अक्षरे वाचता आली तर तपासणी निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन अक्षरे दिसेनाशी झाली तर पॉझिटिव्ह, आणि मग पुढच्या तपासणीसाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा.

अक्षरे दिसेनाशी का होतात? कारण त्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन काढून घेतल्याबरोबर द्रावणात विरघळून राहत नाही, त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात. चिकटतात, कारण हिमोग्लोबिनच्या १४६ मण्यांच्या एका साखळीत सहाव्या जागेवर भलताच मणी ओवला गेलेला असतो. रुग्णाला सहन कराव्या लागणाऱ्या सांधे-हाडांच्या असह्य वेदना, वारंवार होणारी कावीळ, लहानपणीच निकामी होणारी पाणथरी, एखाद्या बालकाला अचानक होणारा पक्षाघात, या सगळ्याचे मूळ त्या एका मण्यात आहे. तो मणी काय असतो आणि त्याच्या जागी दुसरा आला तर एवढे का बिघडते, हे समजून घ्यायचे तर अमिनो आम्लांची ओळख करून घ्यावी लागते. शाळा-कॉलेजात हा विषय तक्ता पाठ करण्यापुरता येतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. सिकलसेलच्या निमित्ताने तो तक्ता पुन्हा उघडू.

प्रथिने म्हटली की आपल्याला डाळ, अंडी, पनीर आठवते, हल्ली जिममधला पावडरीचा डबाही आठवतो. पण शरीराच्या दृष्टीने प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. प्रत्येक अमिनो आम्लाच्या मध्यभागी कार्बनचा एक अणू असतो. कार्बनला चार हात. एका हाताला नायट्रोजनचा अमिनो गट, दुसऱ्याला आम्लाचा गट, तिसऱ्याला हायड्रोजनचा साधा अणू. हे तीन हात सगळ्यांमध्ये सारखेच (प्रोलिन हे एक जरा चक्रम, त्याने आपला चौथा हात वळवून अमिनो गटालाच जोडून घेतलेला असतो). चौथ्या हाताला काय लटकले आहे यावरून त्या आम्लाचे नाव, गुण आणि स्वभाव ठरतो. या चौथ्या हाताच्या ऐवजाला पुस्तकात 'बाजूची साखळी' म्हणतात. तिथे नुसता हायड्रोजन असेल तर ते ग्लायसिन, सगळ्यांत लहान. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन असतील तर अ‍ॅलॅनिन. दोन कड्या एकमेकींना चिकटलेला मोठा डोलारा असेल तर ट्रिप्टोफॅन. जनुकांच्या लिपीत नेहमी येणारी अशी वीस अमिनो आम्ले आहेत आणि जिवाणूपासून वडाच्या झाडापर्यंत आणि आपल्यापर्यंत सगळ्यांची प्रथिने मुख्यत्वे याच विसांची.

माळ ओवायची रीतही एकच. एकाचा आम्ल गट पुढच्याच्या अमिनो गटाला जोडला जातो आणि जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. पचन म्हणजे याच्या उलटी क्रिया: पाण्याचा रेणू घालून तोच जोड तोडायचा. आपण खाल्लेल्या वरणातले प्रथिन तुरीचे म्हणून पोटात गेले तरी आतड्यातून रक्तात मुख्यतः सुटे मणी जातात. त्यांच्यावर तुरीचा शिक्का राहत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

या मंडळींपैकी काहींची नावे त्यांच्या जन्मस्थळांवरून पडली. पहिले सापडले ते १८०६ मध्ये फ्रान्समध्ये, शतावरीच्याच कुळातल्या अ‍ॅस्परॅगस या भाजीच्या रसात, म्हणून ते अ‍ॅस्परॅजिन. १८२० मध्ये ब्राकोनो या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने जिलेटिन आम्लात उकळले आणि त्याला गोड चवीचे स्फटिक मिळाले, ते आजचे ग्लायसिन. टायरोसिन चीजमधून, सेरिन रेशमातून. आपल्या आजच्या गोष्टीत ज्या दोघांची अदलाबदल होते त्यांतले ग्लुटामिक आम्ल १८६६ मध्ये रिटहाउझेन या जर्मन संशोधकाने गव्हाच्या ग्लुटेनमधून काढले, तर दुधातल्या केसिनमधून १९०१ मध्ये व्हॅलिन वेगळे करणारे होते एमिल फिशर. विसांतले शेवटचे, थ्रिओनिन, अमेरिकेत विल्यम रोझ यांना सापडले तेव्हा १९३५ साल उजाडले होते. म्हणजे वीस मणी गोळा करायला जवळजवळ १३० वर्षे लागली.

आता वर्गवारी. आहारतज्ज्ञ या विसांचे दोन भाग करतात. नऊ आम्ले आपले शरीर बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात, म्हणून ती 'आवश्यक'. बाकीची शरीर स्वतः बनवते. हा 'आवश्यक' शब्द मला नेहमी खटकतो, कारण त्यामुळे उरलेली अकरा जणू अनावश्यक आहेत असे वाटते. ती इतकी गरजेची आहेत की शरीराने त्यांचा कारखाना घरीच ठेवला आहे. धान्यात लायसिन कमी असते आणि डाळीत मेथिओनिन कमी असते, म्हणून वरण-भात किंवा भाकरी-पिठले एकमेकांची उणीव भरून काढतात, हे या वर्गवारीचे सर्वांना ठाऊक असलेले फळ. आरोग्याच्या पानावर बहुतेक वेळा अमिनो आम्लांची गोष्ट इथेच संपते. आपल्याला पुढे जायचे आहे.

दुसरी वर्गवारी रसायनाची: पाण्यात हा चौथा हात कसा वागतो? कारण पेशीच्या आत सगळा कारभार पाण्यातच चालतो. मिसळीच्या किंवा नागपुरी तर्री-पोह्याच्या वाटीकडे थोडा वेळ बघत बसा. तर्रीचे बारीक ठिपके पाण्यावर तरंगतात, जवळ येतात, एकात एक मिसळून मोठे होतात. तेलाला तेलाचे फार प्रेम असते असे नाही. पाण्याचे रेणू आपापसात हातात हात घालून असतात आणि तेलासाठी ते हात सोडायला तयार नसतात, म्हणून तेल बाजूला लोटले जाते. व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, फेनिलअ‍ॅलॅनिन, मेथिओनिन यांचे चौथे हात असे तेलकट आहेत, नुसते कार्बन-हायड्रोजनचे किंवा जवळपास तसेच. सेरिन, थ्रिओनिन, अ‍ॅस्परॅजिन, ग्लुटामिन यांच्या हातात ऑक्सिजन किंवा नायट्रोजन असतो, त्यामुळे त्यांची पाण्याशी गट्टी जमते. तिसरा गट विद्युतभार बाळगणाऱ्यांचा. अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लाच्या चौथ्या हाताला आणखी एक आम्ल गट असतो आणि रक्ताच्या सामूपणात त्यावर ऋण भार असतो. लायसिन आणि आर्जिनिनवर धन भार असतो. हिस्टिडिन कुंपणावर बसलेले, परिस्थिती पाहून भार घेणारे किंवा सोडणारे. टायरोसिनला, ग्लायसिनला नेमके कुठल्या रकान्यात घालायचे यावर दोन पाठ्यपुस्तकांचे एकमत नसते, आणि विद्यार्थी त्यामुळे हैराण होतात. निसर्गाने रकाने आखलेले नाहीत, ते आपण आखले, एवढाच त्याचा अर्थ. पण तेलकट आणि भारित यांच्यातला फरक मात्र अगदी खरा आहे. तो एखाद्याच्या आयुष्यात किती खरा ठरतो ते पुढे येईलच.

माळ ओवून झाली की ती सरळ दोरीसारखी राहत नाही. तेलकट मणी पाण्यापासून दूर, आतल्या बाजूला दडतात. भारित आणि पाण्याशी जमणारे मणी बाहेर, पृष्ठभागावर राहतात. अशी घडी पडून प्रथिनाला त्याचा आकार मिळतो. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अशा चार घड्या घातलेल्या माळा एकत्र बसलेल्या असतात: १४१ मण्यांच्या दोन अल्फा माळा आणि १४६ मण्यांच्या दोन बीटा माळा. एकूण ५७४ मणी. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे असे सुमारे २७ कोटी रेणू ठासून भरलेले असतात. सकाळच्या लोकलच्या डब्याची कल्पना करा. एवढ्या गर्दीत प्रत्येकाला दुसऱ्याच्या अंगाला न चिकटता सरकता आले पाहिजे, नाहीतर डबाच अडेल. हिमोग्लोबिनला ते जमते, कारण त्याचा पृष्ठभाग पाण्याशी मैत्री असणाऱ्या मण्यांनी मढवलेला आहे.

बीटा माळेतला सहावा मणी असाच पृष्ठभागावर, पाण्याच्या बाजूला असतो. तिथे ग्लुटामिक आम्ल असायला हवे: ऋण भाराचे, पाण्यात रमणारे. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येते: भार नाही, आणि अंगाने तेलकट. ५७४ पैकी फक्त दोन जागा बदलल्या (बीटा माळा दोन म्हणून दोन). जनुकाच्या लिपीत तर एका माळेमागे एकाच अक्षराचा बदल आहे. रेणूच्या पोटात एखाद्या तेलकट मण्याच्या जागी दुसरा तेलकट मणी आला असता तर कदाचित कुणाच्या लक्षातही आले नसते. इथे मात्र बाहेरच्या भिंतीवर तेलाचा डाग पडला.

तरीही ऑक्सिजन घेतलेल्या अवस्थेत फारसे बिघडत नाही. हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडते तेव्हा त्याचा आकार किंचित बदलतो आणि बीटा माळेवर एक छोटी खाच उघडी पडते. या खाचेच्या भिंतींना ८५ व्या जागेवरचे फेनिलअ‍ॅलॅनिन आणि ८८ व्या जागेवरचे ल्युसिन असते. दोघेही तेलकट गटातले. शेजारच्या रेणूवरचे तेलकट व्हॅलिन या खाचेत चपखल जाऊन बसते. त्या शेजाऱ्याच्या खाचेत आणखी एखाद्याचे व्हॅलिन. अशी साखळी वाढत जाऊन दोरखंड तयार होतो, एका दोरखंडात १४ पदर. बशीसारखी लवचीक असलेली पेशी या ताठ दोरखंडांमुळे ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकडी होते. केशवाहिन्या इतक्या बारीक की निरोगी पेशीलाही अंग चोरून जावे लागते; हा विळा तिथे अडकतो. मागची वाहतूक तुंबते, पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही, आणि तिथून वेदना सुरू होते. पेशी फुप्फुसात परत पोचली तर दोरखंड विरघळतात, आकार पूर्ववत होतो. पण पुन्हा पुन्हा वाकून पेशीचे आवरण खराब होते आणि एक वेळ अशी येते की ती सरळ होतच नाही. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवस. फुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळे होतात, आणि रक्त कायम कमी.

ताप आला, पाणी कमी प्यायले, थंडीत कुडकुडले, दम लागेपर्यंत श्रम झाले की वेदनेचा झटका का येतो, तेही यावरून कळते. शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतली गर्दी आणखी दाटते, दोरखंड लवकर वळले जातात. 'पाणी भरपूर प्या' हा डॉक्टरांचा सल्ला ऐकायला किरकोळ वाटतो. सिकलसेलच्या रुग्णासाठी तो औषधाइतका महत्त्वाचा आहे.

हे सगळे कसे कळले, त्याची कथा अमिनो आम्लांच्या वर्गवारीशी पावलोपावली जोडलेली आहे. १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका दंतवैद्यक विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा आजार आढळल्याची नोंद १९५२ सालची. मधल्या काळात लायनस पॉलिंग यांच्या मनात एक विचार आला होता: पेशी ऑक्सिजन कमी झाल्यावरच वाकडी होत असेल, तर दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनमध्येच असला पाहिजे. त्यांच्या प्रयोगशाळेत हार्वे इटानो आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारची हिमोग्लोबिने विजेच्या क्षेत्रात सोडली. ती वेगवेगळ्या वेगाने सरकली, म्हणजे त्यांच्यावरचा भार वेगळा होता. प्रत्येक रेणूमागे दोन ते चार भारांचा फरक असावा असा त्यांचा अंदाज. १९४९ मध्ये हा शोध छापून आला तेव्हा शीर्षकातच त्यांनी सिकलसेलला 'रेणूचा आजार' म्हटले होते. एखाद्या आजाराचे कारण एका रेणूपर्यंत नेऊन भिडवण्याची ती पहिलीच वेळ.

पण शेकडो मण्यांतला नेमका कुठला मणी? त्याचे उत्तर केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये काढले, आणि त्यांची युक्ती मला आजही मोहात पाडते. त्यांनी हिमोग्लोबिनवर ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य सोडले. ट्रिप्सिन वाटेल तिथे तोडत नाही, ते फक्त लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढचा जोड कापते, म्हणजे धन भाराचे मणी ओळखून. त्यामुळे दर वेळी तेच तुकडे मिळतात. मग ते तुकडे कागदावर एका दिशेने विजेने आणि दुसऱ्या दिशेने द्रावकाने पसरवले. कागदावर सुमारे ३० ठिपक्यांची नक्षी उमटली. निरोगी आणि सिकलसेल हिमोग्लोबिनच्या नक्ष्या शेजारी ठेवल्या तर सगळे ठिपके जुळत होते, एक सोडून. तो ठिपका म्हणजे बीटा माळेच्या सुरुवातीचा आठ मण्यांचा तुकडा. त्याचे मणी एकेक करून सोडवले तेव्हा ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन सापडले.

आजही मोठ्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिसची जी पट्टी पाहतात, ती पॉलिंग यांच्याच तत्त्वावर. अल्कधर्मी द्रावणात हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, ते धन टोकाकडे धावते. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचे दोन ऋण भार कमी झालेले असल्यामुळे ते मागे रेंगाळते. निरोगी माणसाच्या पट्टीवर 'ए'ची मुख्य रेघ, रुग्णाच्या पट्टीवर मुख्यतः 'एस'ची, आणि आई किंवा वडिलांपैकी एकाकडूनच हा गुण आलेल्या माणसाच्या पट्टीवर दोन्ही. विदर्भात ज्याला सर्रास 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' म्हणतात ते हेच.

इथे एक खाचखळगा आहे. 'हिमोग्लोबिन डी-पंजाब' नावाचा एक प्रकार उत्तर भारतात बऱ्यापैकी आढळतो. त्यात बीटा माळेच्या १२१ व्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन असते. नावे सारखी वाटली तरी ही दोन वेगळी आम्ले आहेत. ग्लुटामिनवर भार नाही. म्हणजे इथेही एका माळेमागे एक ऋण भार गेला आणि नेहमीच्या पट्टीवर डी आणि एस अगदी एकाच जागी येऊन बसतात. नुसती पट्टी पाहून सांगितले तर डीवाल्याला सिकलसेल ठरवले जाऊ शकते. पण ग्लुटामिन तेलकट नसते आणि बदलाची जागाही वेगळी, त्यामुळे एकटे डी दोरखंड वळत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या काचनळीत त्याचे द्रावण स्वच्छ राहते आणि अक्षरे दिसतात. म्हणून दोन वेगळ्या तत्त्वांच्या तपासण्या करायच्या, किंवा एचपीएलसी यंत्रावर नमुना घ्यायचा, जिथे एस आणि डी वेगळे दिसतात. हा फरक निव्वळ शास्त्रार्थाचा नाही: एका बाजूने एस आणि दुसऱ्या बाजूने डी आलेल्या मुलाला मात्र सिकलसेलसारखाच त्रास होतो.

वर्गवारीची सगळ्यात बोलकी साक्ष पश्चिम आफ्रिकेतल्या 'हिमोग्लोबिन सी'ची. तिथे बदल त्याच सहाव्या जागेवर आहे, पण ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन आले आहे. ऋणाचे थेट धन झाले. भाराच्या हिशेबाने हा व्हॅलिनपेक्षा मोठा बदल. तरीही दोन्ही बाजूंनी सी आलेल्या माणसाला सहसा सौम्य रक्तक्षय आणि वाढलेली पाणथरी एवढेच होते. लायसिनही पाण्यात रमणारेच, शेजारच्या तेलकट खाचेत जाऊन बसण्याची त्याची वृत्ती नाही. जागा तीच, दुसऱ्या गटातला पाहुणा, आणि आजार निराळा.

एवढा त्रासदायक बदल हजारो वर्षे टिकून कसा राहिला? १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की ज्यांच्यात हा गुण एकेरी आहे त्यांना हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. आपल्याकडेही मध्य भारताचा जंगलपट्टा पूर्वापार हिवतापाचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट इथे हा गुण जास्त दिसतो तो याच इतिहासामुळे. केवळ आदिवासींचा आजार असे त्याला म्हणणे चूक आहे. विदर्भात इतर अनेक समाजांतही तो आहे.

एएस म्हणजे वाहक. त्याच्या हिमोग्लोबिनचा अर्ध्याहून अधिक भाग निरोगी 'ए'चा असतो, एस साधारण ४० टक्के किंवा त्याहून कमी. 'ए'चे रेणू मध्ये मध्ये असल्याने दोरखंड सहजी वळला जात नाही. वाहक हा रुग्ण नाही. तो शेतात राबतो, शिकतो, म्हातारा होतो. क्वचित लघवीतून रक्त जाणे किंवा पाण्याविना अतिश्रम केल्यास त्रास होणे, एवढेच जपायचे. असे असताना 'मुलीला सिकल आहे' म्हणून जमलेले लग्न मोडणे, सुनेला माहेरी पाठवणे, आणि मुलाचा रिपोर्ट मात्र कुणी मागितलाच नाही, असे प्रकार घडतात. एकाच जनुकाची एक प्रत आईकडून येते आणि दुसरी वडिलांकडून. मूल एसएस असेल तर गुण दोघांकडूनही आलेला असतो.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. यातला 'प्रत्येक' हा शब्द फार महत्त्वाचा. 'चारातले एक आजारी निघाले, आता पुढची तीन ठीक होतील' असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते. अशा जोडप्यासाठी गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यातच गर्भाची जनुकीय तपासणी करता येते.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. ग्लुटामिक आम्ल कमी पडले म्हणून हा आजार होतो का? मग ते खाल्ले तर? आजिनोमोटोच्या पुड्यात जे असते ते ग्लुटामिक आम्लाचाच क्षार. पण ग्लुटामिक आम्ल कमी पडण्याचा प्रश्नच नाही. शरीर ते स्वतः बनवते आणि डाळ-भाकरीतूनही ते भरपूर मिळते. उलट जागा बळकावणारे व्हॅलिन आवश्यक नवांपैकी एक, ते वर्ज्य करून चालणार नाही. कुठल्या जागी कुठला मणी ओवायचा हे जनुक सांगते, ताटात काय आहे हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे 'सिकलसेलवर अमिनो आम्लांची पावडर' असे सांगून कोणी डबा विकत असेल तर त्या पैशांची अंडी आणि डाळ आणावी. अमेरिकेत २०१७ मध्ये शुद्ध ग्लुटामिन या आजारासाठी औषध म्हणून मंजूर झाले, त्यावरून गैरसमज वाढू शकतो. ते पेशीवरचा रासायनिक ताण कमी करण्यासाठी, ठरावीक मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. सहाव्या मण्याशी त्याचा संबंध नाही. रक्त कमी आहे म्हणून स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या घेत राहणेही योग्य नाही. इथे रक्त कमी होते ते पेशी लवकर फुटतात म्हणून. लोहाची कमतरता आहे की नाही हे तपासूनच ठरवायचे. फॉलिक अ‍ॅसिड मात्र बहुतेक रुग्णांना देतात, नव्या पेशी सतत बनवाव्या लागत असल्यामुळे.

आपल्याकडे सर्वाधिक उपयोगी पडणारे औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. त्याने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. आईच्या पोटात असताना बाळाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा माळ असते. तिच्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लच असते, शिवाय ८७ व्या जागेवर बीटामधल्या थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन असते आणि ते दोरखंडाच्या जोडणीत आडवे येते. पुन्हा एक मणी, या वेळी भल्यासाठी. ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने मान्यता दिलेल्या दोन जनुकीय उपचारांपैकी एकात हीच ८७ व्या मण्याची युक्ती वापरून नवी बीटा माळ बनवली आहे. दुसऱ्यात क्रिस्पर तंत्राने गर्भातल्या हिमोग्लोबिनवरचे कुलूप काढले आहे. किमती अनुक्रमे ३१ लाख आणि २२ लाख डॉलर. धडगाव किंवा भामरागडच्या रुग्णाच्या दृष्टीने आज त्या आकड्यांना काही अर्थ नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी तालुक्याच्या दवाखान्यात दर महिन्याला न चुकता मिळते की नाही, याला अर्थ आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे उद्दिष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे, ही गोष्ट अनेक रुग्णांना माहीत नसते.

नवजात बाळाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. पहिल्या सहा महिन्यांत त्याच्या अंगात गर्भातले हिमोग्लोबिन बरेच शिल्लक असते, त्यामुळे काचनळीची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि घरचे निर्धास्त होतात. आई-वडील वाहक असतील तर बाळाची तपासणी एचपीएलसीवरच करून घ्यावी. एसएस निघाल्यास दुसऱ्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन आणि न्यूमोकोकलची लस वेळेवर द्यावी लागते, कारण पाणथरी लवकर निकामी होऊन जंतुसंसर्ग पटकन जिवावर बेततो. बाळाच्या पोटाच्या डाव्या बाजूला, बरगडीखाली पाणथरी हाताला लागते का हे पाहायला आईला डॉक्टरांनी शिकवायला हवे. ती एकाएकी मोठी लागली आणि बाळ पांढरेफटक पडले, किंवा अंगात चांगलाच ताप भरला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठायचा.